तातडीचं काही नाही

"आज्जी, काय घडलं की कुणाला कळवायचं, ते तू ठरव," असं म्हणून नातीने माझ्यासाठी आणलेला तिचा जुना लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

समोर एक तक्ता होता. डाव्या बाजूला घडणाऱ्या गोष्टी एकाखाली एक: नवी तक्रार आली, तक्रार कुणाकडे सोपवली, तक्रारीवर कुणी काही लिहिलं, तक्रार मिटली. वरच्या बाजूला आम्ही तिघी: मी, माझी लेक आणि ही. प्रत्येक गोष्टीपुढे प्रत्येकीचा एक बारका चौकोन. चौकोनात टिचकी मारली की खूण उमटणार, आणि ती गोष्ट घडली की त्या बाईला मेल जाणार. टिचकी मारली नाही तर तिला काही कळणार नाही.

मी बाराच्या बारा चौकोनांत खुणा करून टाकल्या.

"अगं, सगळंच सगळ्यांना?"

"मग? घरातली गोष्ट हाय. लपवायचं काय त्यात?"

"आणि तू स्वतः लिहिलेल्याचं मेल तुलाच कशाला?"

"असू दे. मी काय केलं ते कुणीतरी सांगायला पाहिजे ना मला. तुझे आजोबा होते तोवर ते सांगायचे."

ती हसली आणि तिने ती खूण तशीच राहू दिली. ही एवढी एक खूण पुढे मला चांगली भोवली.

हे सगळं का करावं लागलं, ते सांगते. आमचे हे गेल्यापासून मी लातूरच्या घरात एकटी असते. लेक नांदेडला, बँकेत. नात पुण्याला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिच्या कंपनीत कामातले दोष सापडले की ते असेच नोंदवतात, कुणाला तरी सोपवतात आणि ज्याला त्याला मेल जातात. इकडे माझ्या घरात काही बिघडलं की मी लेकीला सांगायची, मग नातीला सांगायची. लेकीला वाटायचं पोरीने बघितलं असेल, पोरीला वाटायचं आईने बघितलं असेल. बोअरची मोटार घरघर करत होती, ते या दोघींच्या वाटण्यात पंधरा दिवस गेलं, आणि सोळाव्या दिवशी मोटार गप्प झाली.

आता मोटारीचं काम करणारे भाई माझ्या घरापासून चौथ्या दारात राहतात. मी गच्चीतून हाक मारली असती तरी आले असते. पण मग लेकीशी फोनवर बोलायला माझ्याकडे काय उरलं असतं?

कारण आमचं बोलणं आटलं होतं. दिवाळीत ती आली तेव्हा म्हणाली, "आई, बस झालं आता. नांदेडला चल." मी म्हटलं, "तुझ्या चौथ्या मजल्यावर येऊन काय करू, कबुतरं मोजू?" तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "मग राहा तुझ्या नळापाशी." लातूरच्या माणसाला नळावरून बोलू नये. आठ-आठ दिवस वाट बघून भरलेलं पाणी असतं ते. मीही चार शब्द जास्त बोलले. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसने गेली. त्यानंतर फोन यायचे, पण कसे? गोळी घेतली? घेतली. पाणी आलं? आलं. बरं, ठेवू? ठेव. पूर्वी शनिवार-रविवार जोडून आला की ती यायची, चार दिवस नुसतं लोळायची. आता होळी गेली, पाडवा गेला, ती आली नाही. आणि "ये" म्हणायला माझी जीभ वळेना.

म्हणून नातीने तक्ता आणला तेव्हा मी एवढी हौसेने बसले. तिला वाटलं, आज्जीला नवं शिकायची आवड. असू दे तसं वाटलेलं.

"मेल कुणाच्या नावाने जाऊ दे?" तिने विचारलं. "नाव टाकावं लागतं."

"घर, लातूर, असं टाक."

तिने टाकलं. मग आईला एक नमुन्याचं मेल पाठवलं. ते भलत्याच कप्प्यात, जाहिरातींच्या गर्दीत जाऊन पडलं. नातीने फोन करून आईला ते शोधायला लावलं, तिथून बाहेर काढायला लावलं आणि इथून पुढे हा पाठवणारा आपला आहे असं कबूल करून घ्यायला लावलं. मी बाजूला बसून ऐकत होते. लातूरचं घर आपलं आहे म्हणून लेकीने बटण दाबलं. मला तेवढंही पुरलं.

पहिली तक्रार खरी होती. "मोटार बंद आहे." दहा मिनिटांत माझा मोबाईल वाजला. घराकडून मेल: तुमच्या तक्रारीवर उत्तर आलं आहे. उघडलं तर लेकीचं. "भाईंना फोन केला. संध्याकाळी येतात. तू उन्हात गच्चीवर जाऊ नको." शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. मोटारीच्या दुरुस्तीशी त्याचा काही संबंध नव्हता.

दुसरी तक्रार मी अर्ध्या तासाने नोंदवली. "स्वयंपाकघरातला नळ गळतो." गळत नव्हता. पण खोटं लिहायचं नाही हा माझा बाणा. म्हणून आधी नळ थोडा सैल सोडला, थेंब पडेपर्यंत समोर उभी राहिले, आणि मग लिहिलं. त्यानंतर गच्चीच्या दाराची कडी, भिंतीवरचं चार मिनिटं मागे पडलेलं घड्याळ, कपाटाचा कुरकुर करणारा खण, असं एकेक सुरू झालं. एकदा लिहिलं, "देवघरामागे पाल."

लेकीचं उत्तर: "आई, पाल ही तक्रार होत नाही."

मी: "तीन दिवस हललेली नाही."

नात: "आज्जी, ही कुणाला सोपवू? मांजराला?"

असं तिघींचं बोलणं कितीतरी दिवसांनी झालं होतं. मी ती मेल पुसली नाहीत.

भाईंचा मात्र जीव मेटाकुटीला आला. लेक नांदेडहून फोन करायची आणि ते बिचारे पाना घेऊन यायचे. "काकू, ह्या नळाला काय झालंय? मी तर चांगलाच बघून राहिलो."

"मघाशी गळत होता."

"ताईला मी काय सांगू मग?"

"सांगा बघून गेलो म्हणून. बसा, चहा घ्या."

खोट्या तक्रारी मला नव्या नव्हत्या. टेबलाची बाजू तेवढी बदलली होती.

मी नोकरीला लागले ती लातूरच्या टेलिफोन कचेरीत, तक्रारीच्या टेबलावर. तेव्हाची मी आठवले की हात जोडावेसे वाटतात, लांबूनच. बाविशीची पोर. खळ घातलेली कडक साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि तोंडावर असा भाव की देशातल्या सगळ्या तारा हिच्याच मुठीतून जातात. फोन वाजला की "तक्रार विभाग" म्हणायचं, नंबर लिहून घ्यायचा, तक्रारीचा क्रमांक द्यायचा, ठेवून द्यायचा. "कधी दुरुस्त होईल हो बाई?" या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं: "नोंद झालेली आहे." पुढे काय झालं ते माणसाला कळवायची पद्धत नव्हती. आणि पद्धत नाही हे मी अशा थाटात सांगायची, जणू ती मीच घालून दिली होती.

माझी माय उदगीरला होती. घरी फोन नव्हता. धान्याच्या मोंढ्याच्या अंगाला एका चाचांचं अडतीचं दुकान होतं, तिथे होता. माय तिथे जाऊन मला फोन करायची. एकदा केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा मी तिला कायदा ऐकवला. "माय, हा ऑफिसचा फोन हाय. इथं गप्पा मारायच्या न्हाईत. इथं फक्त तक्रारी घेतात."

"बरं," म्हणाली.

आठ दिवसांनी फोन वाजला. "तक्रार इभाग का? बाई, नोंद करा. आमचा फोन बंद हाय." आणि तिने चाचांच्या दुकानाचा नंबर सांगितला.

"माय, तू कुठून बोलून राहिलीस?"

"ह्याच फोनवरून की."

"मग बंद कसा?"

पलीकडे मागून चाचांचा आवाज आला, "भाबी, बोलो आवाज कट कट के आरी!"

"आवाज तुटून राहिलाय, बाई," माय म्हणाली. आणि लगेच, "जेवलीस का?"

आता शहाण्या पोरीने काय करावं? हसावं, म्हणावं जेवले, तू जेवलीस का. मी वहीत नोंद केली! वेळ घातली, क्रमांक घातला, "आवाज तुटतो" असा दोष लिहिला आणि उदगीरच्या लाइनमनला कळवलं. तो बिचारा सायकल मारत दुकानात गेला, पोत्यावर बसून चहा प्याला, चाचांशी तुरीच्या भावावर बोलला आणि शेरा मारून पाठवला: दोष आढळला नाही. पुढच्या आठवड्यात परत तीच तक्रार. परत लाइनमन, परत चहा, परत तोच शेरा. तिसऱ्या खेपेला मी मायला म्हटलं, "खोटी तक्रार करणं गुन्हा असतो. माझी नोकरी जाईल."

तिने परत केली नाही. तेवढी शिस्तीची होती. शिस्त माझ्याकडे तिच्याकडूनच आलेली असणार. येता येता अक्कल तेवढी वाटेत सांडली. माय जाऊन आता किती वर्षं झाली. अजून कधी दुपारच्या वेळी मला वाटतं, आत्ता फोन वाजावा, आणि मी म्हणावं, आवाज तुटतोय का गं? मग ठेवू नको. नीट येईपर्यंत बोलत राहा.

तर माझ्या तक्रारी पंचविसाच्या वर गेल्या. बारा खुणांमुळे व्हायचं असं, की मी एक ओळ लिहिली तरी तिघींना मेल, ती भाईंना सोपवल्याची नोंद केली तरी तिघींना मेल, कुणी "ठीक" म्हटलं तरी तिघींना मेल. एका दुपारी लेकीचा फोन आला. आवाज दाबलेला.

"आई, साहेबांपुढे बसले होते. सात वेळा वाजला मोबाईल. साहेब म्हणाले, मॅडम, घरी काही प्रॉब्लेम? मी काय सांगू त्यांना, पाल हलली?"

"हलली का? मला कुठे कुणी सांगितलं?"

"आई!"

तिने लेकीकडे, म्हणजे माझ्या नातीकडे, गाऱ्हाणं केलं असणार. दुसऱ्या दिवशी नातीचा फोन. मी पिठलं ढवळत होते. पिठलं ही लक्ष मागणारी वस्तू आहे. तिकडे हात चालू होता आणि इकडे मी हुंकार देत होते. ती सांगत होती, "आज्जी, मी आता प्रत्येक तक्रारीला निकड ठेवली आहे. तातडीचं, साधं आणि सवडीचं. आईला आणि मला फक्त तातडीचं मेल जाईल. बाकीचं नुसतं यादीत राहील, सवड मिळाली की उघडून बघू. तुझी तुला मात्र सगळी येतील, तुझी ती खूण मी काढली नाही. कळलं ना?"

"हाव, हाव," मी म्हटलं. पिठलं लागलं नाही.

त्यानंतर शांतता झाली. मी लिहायची, माझं मला मेल यायचं, "घर, लातूर: नवी तक्रार नोंदवली", आणि पुढे काही नाही. मला वाटलं, रुसली. मीही लिहिणं कमी केलं.

मग एका दुपारी मी शेंगाच्या चटणीला दाणे भाजले. पाखडून ताटात ठेवले, लसूण सोलला, मीठ-तिखट काढून ठेवलं आणि कुटलं. चटणी चाखली, आणि माझा हात तिथेच थांबला. चटणी बरोब्बर झाली होती. ना खारट, ना तिखट. एवढ्या वर्षांत माझी चटणी कधी मापात उतरलेली नाही, कारण मी लसूण सोलेपर्यंत लेक येता-जाता ताटातले मूठभर दाणे पळवायची. फ्रॉकमध्ये होती तेव्हा पळवायची, बँकेत अधिकारी झाली तरी पळवायची. मीठ-तिखट काढलेलं असायचं पूर्ण दाण्यांचं, आणि दाणे उरायचे पाऊण. आमच्या घरी त्या खारट चटणीलाच शेंगाची चटणी म्हणतात. या खेपेला सगळे दाणे ताटातच राहिले होते.

मी हात धुतला आणि तक्ता उघडला. नवी तक्रार. विषयाच्या जागी लिहिलं, "तू ये." खाली तपशिलाच्या जागी, "चार दिवस. काम काही नाही." सोपवली लेकीकडे. मग निकड विचारली. तातडीचं हे लाल रंगात होतं. मी त्या लाल रंगाकडे बघितलं आणि माझ्या अंगातली ती जुनी घड्याळवाली पोर उठून बसली. आईने लेकीला तातडीने का बोलवावं? मी काय मरायला टेकले आहे? तिला कामं असतात. आणि दिवाळीला बोलली ती, मी कशाला लाल व्हायचं? मी "सवडीचं" यावर टिचकी मारली.

लगेच माझा मोबाईल वाजला. घर, लातूर: तू ये. घर मला बोलावत होतं आणि मी घरातच बसले होते. पण मला वाटलं, चला, गेलं. जसं माझ्याकडे आलं तसं तिच्याकडेही गेलं.

पुढचे दिवस मी मोबाईल कमरेला खोचून फिरले. पाणी भरताना, भाजी निवडताना. बुधवारी तिचा फोन आला, मी पहिल्याच रिंगला उचलला.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"सगळं ठीक?"

"ठीक. तुझं?"

"चाललंय. ठेवू?"

मी वाट बघितली. ती काहीतरी म्हणेल. तिने ठेवला. म्हणजे वाचलं आणि गिळलं, असा मी अर्थ लावला. दिवाळीतले माझे चार शब्द एकेक करून मला आठवले, आणि दर आठवणीला ते जास्त जास्त वाईट होत गेले. परत विचारायचं तरी कोणत्या तोंडाने? मीच तर तिला सवड दिली होती. महिन्याचा दुसरा शनिवार आला, बँकेला सुट्टी. मी तिच्या खाटेवरची चादर बदलली, कुणी विचारलं तर ऊन दाखवायला काढली म्हणून सांगणार होते. कुणी विचारलं नाही. गल्लीत रिक्षा थांबली की कान टवकारायचे. थांबायची ती पुढच्या डॉक्टरांकडे. रविवारी संध्याकाळी मी चादर परत घडी घालून ठेवली.

नातीचा फोन आला तो त्याच्या पुढच्या रविवारी.

"आज्जी, यादी साफ करत होते. हे 'तू ये' काय आहे? एकोणीस दिवस झाले."

"तुझ्या आईला विचार."

"आईला कसं माहीत असणार? तिला मेल गेलेलंच नाही."

"असं कसं? मला तर आलं."

"तुला तुझी येतात! आईला फक्त तातडीचं जातं. मी तुला फोनवर सगळं सांगितलं होतं, तू हाव हाव म्हणालीस."

मी खाली बसले. पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आनंद. वेड्यासारखा आनंद. तिने वाचून गिळलं नव्हतं. तिला माहीतच नव्हतं. एकोणीस दिवस मी एका कोऱ्या भिंतीवर रुसले होते.

"मी आत्ता आईला फोन करून सांगते," नात म्हणाली.

"खबरदार."

"मग मी इथून तातडीचं करून टाकू? एक टिचकी."

"न्हाई. मी लिहिलंय, मी करते."

फोन ठेवून मी लॅपटॉप उघडला. एक टिचकी. पण ती टिचकी मारायला मला बराच वेळ लागला. सवडीने बोलावलं आणि आली नाही, तर म्हणता येतं की सवड नसेल. तातडीने बोलावून आली नाही, तर मग काय म्हणायचं? मी उठले, पाणी प्याले, परत येऊन बसले. आणि डोळे मिटून लाल केलं. डोळे मिटल्यामुळे एकदा शेजारच्याच जागी टिचकी पडली, ती पुसून परत केली.

मेल यायची मी वाट बघत होते. फोन वाजला.

"आई! काय झालं? छातीत दुखतंय का? भाईंना हाक मार, मी निघते."

"अगं न्हाई. मी धड हाय."

"मग तातडीचं काय?"

"तातडीचं काही नाही. शेंगाची चटणी जास्त झालीय."

ती हळू आवाजात म्हणाली, "आई, खरं सांग."

आता यादी नव्हती, चौकोन नव्हते, घर लातूर नव्हतं. मी म्हटलं, "तू ये."

ती म्हणाली, "शुक्रवारी बँक सुटली की निघते. सोमवार-मंगळवारची रजा टाकते."

शुक्रवारी ती आली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. शनिवारी सकाळी तिने काय केलं? चहा झाल्यावर मोबाईल उघडला, पदर खोचला आणि म्हणाली, "चल, एकेक बघू." मी म्हटलं, "अगं असू दे, तू लोळ." ऐकते का? आमच्या रक्तातच ते टेबल आहे.

"नळ." तिने सोडला, बंद केला, खाली बोट धरलं. "हा तर गळत नाही."

"थांबला."

"आपोआप?"

"तू येणार कळल्यावर."

"कडी." लावली, काढली. "लागते की."

"जोर करावा लागायचा."

"घड्याळ चार मिनिटं मागे... आई, हे तर तुझ्या हाताला पोचतं."

ती यादी खाली खाली वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. एकतीस. मग मोबाईल बाजूला ठेवून तिथेच ओट्याला टेकली.

"आई, दिवाळीत मी तुला चल म्हटलं, ते तुझ्या गुडघ्यासाठी म्हटलं असं वाटलं का तुला?"

"मग कशासाठी?"

"पोरगी पुण्याला गेली. हे आठवड्याचे चार दिवस बाहेरगावी. बँकेतून येते आणि कुलूप उघडते. आत कुणी नसतं. मी माझ्यासाठी म्हटलं होतं."

तीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या. घरातली एक आली, ती मी उपदेश म्हणून ऐकली आणि वर कबुतरांचा विनोद केला. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण आमच्यात तशी सवय नाही. मी दाण्यांचा डबा काढला आणि कढई चढवली. भाजून ताटात ठेवले आणि पाठ करून लसूण सोलत बसले, बराच वेळ, एक एक पाकळी. मागे ताट वाजलं.

मंगळवारी सकाळी तिला बसमध्ये बसवून आले. घरी येऊन पायपुसण्यावर पाय ठेवते तोच मोबाईल वाजला. घर, लातूर: "नळ गळतो" ही तक्रार मिटली. मग कडी मिटली, घड्याळ मिटलं. बसमध्ये बसून ती एकेक मिटवत होती. अहमदपूरपर्यंत धडाधड आली, मग रेंज गेली असावी, अर्धा तास काहीच नाही. मी मोबाईल पुढे ठेवून भाजी निवडत बसले. लोह्याच्या आसपास परत सुरू झाली. पाल मिटली. मी मोजत होते. तीस झाली, एकतीस झाली.

बत्तिसावं आलं ते वेगळं होतं. "तू ये" मिटलेलं नव्हतं. खाली लिहिलं होतं: ही तक्रार आता तुमच्याकडे सोपवली आहे. निकड: तातडीचं. आणि तपशिलात लेकीने माझंच वाक्य ठेवलं होतं, चार दिवस, काम काही नाही. फक्त चारच्या जागी आठ केले होते.

मी लगेच उत्तर दिलं नाही. थोडा भाव खायला नको का? पण दुपारी चौथ्या दारात गेले. भाई मोटारीला तार गुंडाळत बसले होते.

"भाई, आठ दिवस मी नसले तर नळाच्या दिवशी माझा हौद भराल का?"

"भरतो की. कुठं, नांदेडला? ताईकडं?"

"हाव."

"आठच दिवस का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

आठच, असं मी म्हणणार होते. पण तिथून माझ्या घराची गच्ची दिसत होती, दोरीवर तिच्या खाटेवरची चादर वाळत होती. "लेक म्हणते आठ," मी म्हटलं आणि किल्ली त्यांच्या समोरच्या डब्यावर ठेवली.